भारताचे पहिले लॅटिन बिशप : जॉर्डन कातालानी

आदिलाबादच्या नावाने कॅथोलिक धर्मप्रांत स्थापन झाला तो १९९९ साली. तोपर्यंत हा प्रदेश चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, धर्मप्रांतात मोडत असे. पैनगंगेच्या अलीकडचा तेलंगण आणि पलीकडचा विदर्भ एकाच बिशपांच्या देखरेखीखाली होता. नव्या धर्मप्रांताचे पहिले बिशप जोसेफ कुन्नथ हे झाले. पुढे २०१६ साली जुन्या जिल्ह्याचे आदिलाबाद, निर्मल, मंचेरियल आणि कोमराम भीम आसिफाबाद असे चार भाग पडले. धर्मप्रांताचे नाव मात्र आदिलाबाद हेच राहिले.

हा धर्मप्रांत सिरो-मलबार परंपरेचा आहे. केरळातील जो जुना ख्रिस्ती समाज आपले मूळ प्रेषित संत थॉमस यांच्यापर्यंत नेतो, त्या समाजाची ही परंपरा. याच समाजाला उद्देशून १३३० साली पोप बाविसावे जॉन यांनी एक पत्र लिहिले होते आणि ते ज्यांच्या हाती सोपविले होते, ते गृहस्थ नुकतेच कोल्लमचे बिशप म्हणून नेमले गेले होते. लॅटिन परंपरेचा, म्हणजे थेट रोमच्या उपासनापद्धतीचा, भारतातील हा पहिला बिशप. त्यांचे नाव जॉर्डन कातालानी. बिशप म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उंच मुकुट, हाती दंड आणि मागे भव्य मंदिर असे चित्र उभे राहते. जॉर्डन यांच्या आयुष्यातील खरी कामाची वर्षे मात्र ठाणे, सोपारा आणि भडोच या बंदरांमधून अंगावरच्या एका सदऱ्यानिशी हिंडण्यात गेली होती. बिशपपद मिळाले ते त्यानंतर.

जॉर्डन हे दक्षिण फ्रान्समधील सेव्हेराक या गावचे असावेत, असे अभ्यासक मानतात. ते दोमिनिकन संघाचे संन्यासी होते. तेराव्या शतकात युरोपात दोन नवे भिक्षाव्रती संघ निघाले, एक संत फ्रान्सिस यांचा व दुसरा संत दोमिनिक यांचा. मठाच्या भिंतीआड राहून शेतीवाडी सांभाळण्यापेक्षा भिक्षा मागत गावोगाव उपदेश करावयाचा, हे त्यांचे व्रत. मोगलांचे, म्हणजे चेंगीझखानाच्या वंशजांचे, राज्य चीनपासून इराणपर्यंत पसरल्यावर पूर्वेकडचे रस्ते खुले झाले आणि हे संन्यासी व्यापाऱ्यांच्या मागोमाग इराणातील तब्रीझपर्यंत येऊन पोहोचले. १३१८ साली पोप जॉन यांनी इराणातील सुलतानिया येथे आर्चबिशपांचे पीठ स्थापन केले. जॉर्डन यांनी इराणात राहून फारसी भाषा आत्मसात केली. पुढे त्यांचा जीव वाचला तो एका अर्थी या भाषेमुळेच.

१३२० च्या सुमारास ते होर्मुझहून गलबतात बसले. बरोबर फ्रान्सिस्कन संघाचे चौघे होते : तोलेन्तिनोचे वृद्ध थॉमस, पाडुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि तिफ्लिसचे दिमित्री. यांतील दिमित्री हे अनेक भाषा जाणणारे साधे व्रतबंधू होते, धर्मगुरू नव्हते. त्या काळच्या आपल्या किनाऱ्यावरील गलबतांचे वर्णन जॉर्डन यांनी पुढे आपल्या ग्रंथात केले आहे. त्यांत लोखंडी खिळा नसे. फळ्या सुईदोऱ्याने शिवाव्या तशा काथ्यासारख्या दोरीने शिवलेल्या असत. वर तक्तपोशी नसल्यामुळे आत इतके पाणी साचे की एकदोन माणसांना सतत ते उपसत उभे राहावे लागे. अशा गलबतातून या पाच जणांना कोल्लमला जावयाचे होते. प्रत्यक्षात ते येऊन लागले ठाण्याच्या खाडीत.

ठाणे त्या वेळी नुकतेच दिल्लीच्या अमलाखाली आले होते. देवगिरीच्या यादवांचे राज्य १३१८ साली कायमचे संपले. १३२० पासून दिल्लीच्या तख्तावर गियासुद्दीन तुघलक होता. ठाण्यात मलिक म्हणजे सुलतानाचा सुभेदार, आणि न्यायदानास काजी. गावात काही थोडी नेस्टोरियन ख्रिस्ती कुटुंबेही होती. इराणातील पूर्वेकडील ख्रिस्तसभेशी जोडलेले हे लोक. त्यांनी या परदेशी संन्याशांना आपल्या घरी उतरविले. भडोचकडे आपल्यासारखे आणखी लोक आहेत, ते स्वतःला ख्रिस्ती म्हणवितात, परंतु त्यांना ना स्नानसंस्कार मिळाला आहे ना शिकवण, असे त्यांनी सांगितले. जॉर्डन यांनी पुढे लिहून ठेविले आहे की असे विखुरलेले काही लोक संत थॉमस यांनाच ख्रिस्त समजत. त्यांच्याकडे कोणी जावे, हा प्रश्न निघाला. फारसी येत होती जॉर्डन यांना. तेव्हा ते निघाले. चौघे ठाण्यात राहिले.

पुढे जे घडले त्याचा आरंभ अगदी घरगुती कलहातून झाला. पाहुणे ज्या घरी उतरले होते तेथील नवराबायकोचे भांडण झाले, नवऱ्याने बायकोला मारले आणि ती काजीकडे दाद मागावयास गेली. साक्षीदार कोण, असे विचारता तिने घरातील परदेशी साधूंकडे बोट दाखविले. साधू बोलाविले गेले. साक्ष बाजूला राहिली आणि धर्मावर वाद सुरू झाला. वाद वाढत वाढत काजीने पैगंबरांविषयी थेट प्रश्न केला, आणि वृद्ध थॉमस यांनी आपल्या श्रद्धेप्रमाणे स्पष्ट उत्तर दिले. ९ एप्रिल १३२१ रोजी, झावळ्यांच्या रविवारच्या आधीच्या गुरुवारी, थॉमस, जेम्स आणि दिमित्री यांना ठार करण्यात आले. पीटर यांना दोन दिवसांनी. ही सारी हकीकत आपल्यापर्यंत आली आहे ती संन्याशांच्याच लेखणीतून, हे वाचकाने ध्यानात ठेवावे. काजीची बाजू कोणी लिहून ठेवलेली नाही. मात्र त्याच लेखणीने, म्हणजे थोड्याच काळाने ठाण्यास आलेल्या पोर्देनोनेच्या ओदोरिक यांनी, हेही नमूद केले आहे की दिल्लीच्या सुलतानाने या प्रकरणी मलिकाला जबाबदार धरून शिक्षा केली. सुभेदाराचा अतिरेक आणि राज्याचे धोरण या दोन गोष्टी एक नव्हेत, एवढे त्यावरून दिसते.

जॉर्डन परत आले तेव्हा सर्व आटोपले होते.

एका तरुण जिनोव्हाच्या व्यापाऱ्याच्या मदतीने त्यांनी चौघांचे देह सोपाऱ्यास नेऊन पुरले. सोपारा म्हणजे सम्राट अशोकाचा शिलालेख जेथे सापडला ते प्राचीन शूर्पारक, आजच्या पालघर जिल्ह्यातील नालासोपारा. त्यानंतर या माणसाने काय करावे, अशी आपली अपेक्षा असते? इराणास जाणारे गलबत पकडून आपल्या मठात परतणे, हे कोणीही क्षम्यच मानले असते. जॉर्डन राहिले. त्याच वर्षाच्या १२ ऑक्टोबरला त्यांनी गुजरातेतील घोघा बंदरातून इराणातील आपल्या बांधवांना पत्र लिहिले. आपण भडोचला सुमारे नव्वद, नंतर आणखी वीस, आणि ठाणे व सोपारा यांच्या दरम्यान पस्तीस जणांना स्नानसंस्कार दिला, असा हिशेब त्यात आहे. आणि मागणी आहे ती माणसांची. सोपाऱ्याला दोघे, भडोच भागात दोघे-तिघे, कोल्लमला काही, असे संन्यासी पाठवा. येथे पीक भरपूर आहे, असा त्या पत्राचा आशय आहे. मोहीम नाही, फौज नाही, पैसाही नाही. सहासात माणसे पाठवा, एवढेच.

माणसे आली नाहीत. ओदोरिक आले, परंतु ते चीनच्या वाटेवरचे प्रवासी होते. सोपाऱ्याच्या मातीतून त्यांनी त्या चौघांच्या अस्थी काढून घेतल्या आणि चीनमधील झैतून बंदरातील, म्हणजे आजच्या छ्वानचौमधील, फ्रान्सिस्कन मठात नेल्या. जॉर्डन यांच्यापाशी सोबत्यांच्या अस्थीही उरल्या नाहीत. पुढच्या पत्रात, जे त्यांनी ठाण्याहूनच एका जानेवारीत लिहिले, स्वर बदललेला आहे. चाच्यांनी धरले, तुरुंगात पडलो, खोटे आरोप झाले, तहानभूक, ऊन, ताप सारे भोगले, संघाचा अंगरखाही उरला नाही, असे ते सांगतात. अडीच वर्षे एकट्याने काढल्यानंतरचे हे शब्द आहेत. हे वाचताना त्यांना केवळ वीर ठरविण्याची घाई करू नये. माणूस थकला होता आणि थकलो आहे असे लिहिण्याइतका सरळ होता.

या वर्षांचे दुसरे फळ म्हणजे त्यांचा लॅटिन ग्रंथ. युरोपात परतल्यावर, १३२९-३० च्या सुमारास, लिहिलेल्या या छोट्या पुस्तकाचे नाव 'मिराबिलिया देस्क्रिप्ता', म्हणजे 'आश्चर्यांचे वर्णन'. १८३९ साली ते पॅरिसमध्ये छापले गेले आणि १८६३ साली हेन्री यूल यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर केले. त्या काळातील प्रवासवर्णनांत राक्षस आणि एकपायी माणसे सर्रास भेटतात. जॉर्डन यांच्या पुस्तकातही अजगर आणि अद्भुत पक्षी आहेत; परंतु ते बहुतेक आफ्रिकेकडच्या 'तिसऱ्या हिंदुस्थाना'त, आणि तेथे आपण स्वतः गेलेलो नाही, विश्वासू लोकांकडून ऐकले, असे ते बजावतात. पाहिलेले आणि ऐकलेले यांत फरक करणारा लेखक चौदाव्या शतकात विरळाच.

पाहिलेल्या गोष्टींत कोकणचा रहिवासी सहज ओळखील अशा कितीतरी आहेत. पाऊस वर्षातले तीनच महिने पडतो. फांद्यांवरून मुळे खाली सोडणारा वटवृक्ष. नारळ, त्याला ते 'नार्गिल' म्हणतात. ताडाचा रस, तो 'तारी'. फणसाचे अवाढव्य फळ. आणि आंबा! हस्तलिखितात तो शब्द 'अनिबा' असा वाचला जातो. जुन्या लॅटिन हस्ताक्षरात 'म'साठी तीन उभ्या रेघा काढीत, आणि 'न' व 'इ' मिळूनही तीनच रेघा होतात. नकलकाराची नजर चुकली की 'अम्बा'चा 'अनिबा' होतो. युरोपीय भाषांत पुढे रूढ झालेला 'मँगो' हा शब्द मल्याळम-तमिळ वळणाचा आहे. त्याच्या कितीतरी आधी आपल्या किनाऱ्यावरचा आंबा एका लॅटिन ग्रंथात जाऊन बसला होता, आणि त्याची गोडी शब्दांत सांगता येण्याजोगी नाही अशी कबुलीही त्याच्या शेजारी आहे. पारशांविषयीही त्यांनी लिहिले आहे. अग्नीची पूजा करणारे हे लोक मृतांना पुरीत नाहीत वा जाळीत नाहीत, तर बिनछपराच्या बुरुजात ठेवतात, हे भारतातील दख्म्याचे युरोपीय लेखणीतून आलेले अगदी आरंभीचे वर्णन होय.

लोकांविषयी त्यांचे मत काय? त्यांचे चार सोबती याच भूमीवर मारले गेले होते. तरीही ते लिहितात की येथील लोक खाण्यापिण्यात स्वच्छ, बोलण्यात खरे आणि न्यायाला चोख आहेत, व ज्याचे जे हक्क परंपरेने आले ते जपतात. सतीची चाल त्यांनी पाहिली आणि तीही लिहून ठेविली. मूर्तिपूजेविषयी त्यांचे शब्द त्यांच्या काळाचे आणि कठोर आहेत. सुलतानाच्या सैन्यांनी मोडलेल्या देवळांचीही ते नोंद करतात. लॅटिन लोक एक दिवस सारे जग जिंकतील असे येथे भाकीत आहे, असे ते मोठ्या समाधानाने सांगतात. दोनशे वर्षांनी या किनाऱ्यावर आलेल्या पोर्तुगीजांचा अनुभव ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे समाधान आज बोचल्यावाचून राहणार नाही. एक जहाजी आरमार या समुद्रात ठेवावे, म्हणजे मिसरच्या सुलतानाला शह बसेल, अशीही सूचना त्यांनी केली आहे. सोबती मागणारा संन्यासी आणि आरमार सुचविणारा सल्लागार एकाच अंगरख्यात होते, हे नाकारण्यात अर्थ नाही.

तेलंगणच्या वाचकाला या पुस्तकातील एका वाक्यसमूहापाशी थांबावेसे वाटेल. येथील राज्यांची यादी देताना जॉर्डन 'मराठा' नावाच्या मोठ्या राज्याचा उल्लेख करतात, आणि 'तेलेंक'च्या राजाचाही. तेलेंकचा राजा थोर आणि बलाढ्य. त्याच्या देशात धान्य, तांदूळ, साखर, मेण, मध, डाळी, बकऱ्या, म्हशी, दूध, लोणी, नाना प्रकारची तेले आणि उत्तम फळे यांची इतर कोणत्याही प्रांताहून अधिक समृद्धी, असे ते म्हणतात. हा तेलेंक म्हणजे तेलंगण, आणि तेव्हाचा राजा वारंगळचा काकतीय प्रतापरुद्र. जॉर्डन ठाण्यात एकटे दिवस काढीत होते, त्याच काळात गियासुद्दीनाचा मुलगा उलुघखान, पुढचा महंमद तुघलक, देवगिरीवरून वारंगळवर चालून गेला. पहिली स्वारी फसली; १३२३ साली वारंगळ पडले. पुस्तक लिहिले गेले तेव्हा तो बलाढ्य राजा उरला नव्हता, आणि 'मराठा' राज्याचे यादवही त्याआधीच संपले होते. तेव्हा ही माहिती किनाऱ्यावरच्या बाजारात, व्यापाऱ्यांच्या तोंडून ऐकलेली आणि पडझडीच्या आधीची असली पाहिजे. राजांची नावे बदलली. म्हशी, डाळी आणि तेलबिया मात्र या भागाला अनोळखी नाहीत.

१३२८ च्या सुमारास जॉर्डन युरोपात होते. पोप तेव्हा रोममध्ये राहत नसत; १३०९ पासून त्यांचा मुक्काम दक्षिण फ्रान्समधील आव्हिन्यों येथे होता. पोप जॉन स्वतः काओरचे, म्हणजे जॉर्डन यांच्या गावापासून फार दूरचे नव्हेत. पोप महाशयांना पूर्वेकडच्या कामाची मनापासून आवड होती आणि समोर उभा असलेला माणूस तेथली बंदरे स्वतः पाहून आला होता. ९ ऑगस्ट १३२९ रोजी कोल्लमच्या धर्मप्रांताची स्थापना झाली आणि २१ ऑगस्टला जॉर्डन यांची त्यावर नेमणूक झाली. कोल्लमचे बिशप सुलतानियाच्या आर्चबिशपांच्या हाताखाली राहावयाचे होते. अशा बिशपांना सहायक पीठाचे बिशप म्हणत. बरोबर समरकंदचे नवे बिशप थॉमस होते, आणि सुलतानियाच्या आर्चबिशपांसाठी पालियम हे पांढऱ्या लोकरीचे पट्ट्यासारखे वस्त्र दोघांनी न्यावयाचे होते. आर्चबिशपांच्या अधिकाराची ती खूण असते.

येथे एक प्रश्न पडतो. आठ वर्षांचे श्रम ठाण्या-सोपाऱ्याचे, मग पीठ कोल्लमला का? कारणे उघड आहेत. कोल्लम हे मिऱ्याचे मोठे बंदर, तेथे हिंदू राजा, आणि संत थॉमस यांच्या परंपरेचा मोठा ख्रिस्ती समाज. ठाण्यात मूठभर कुटुंबे होती आणि मलिकाची आठवण ताजी होती. पीठ जेथे टिकेल तेथे मांडावयाचे, हा व्यवहार झाला. तरी ज्या घामावर ते मांडले गेले तो कोकणचा होता, हे सांगितलेच पाहिजे. आपल्याकडे या प्रदेशातील ख्रिस्ती इतिहास १५३४ साली वसई पोर्तुगीजांच्या हाती गेली तेथून सांगण्याची रीत पडली आहे. जॉर्डन त्याच्या दोन शतके आधीचे, आणि त्यांच्या पाठीशी एकही तोफ नव्हती.

आता ते पत्र. कोल्लमच्या 'नासरानी' ख्रिस्ती लोकांना पोप जॉन यांनी लिहिले की या बिशपांचे स्वागत करा आणि रोमशी ऐक्य करा. जॉर्डन यांना 'पहिले बिशप' म्हणताना 'लॅटिन' हा शब्द का जोडावा लागतो, ते येथे कळते. त्या समाजाला बिशप ठाऊक होते. ते इराण-इराककडून येत, त्यांची उपासना सिरियाक भाषेत चाले. तेव्हा पत्र अनभिज्ञ लोकांना नव्हते, आपली स्वतःची रीत असलेल्या जुन्या घराला होते. त्या घराची रीत मोडू नये, ही जाणीव रोमच्या कारभारात पक्की होण्यास पुढे कित्येक शतके लागली. ती झाली म्हणूनच आज त्याच परंपरेचे बिशप आदिलाबादमध्ये आहेत, आणि १९८८ पासून ठाण्याशेजारच्या कल्याणातही.

१३३० साली जॉर्डन पूर्वेकडे निघाले. यापुढे त्यांच्या हातचे एकही पत्र मिळत नाही. ते ठाण्यातच, आपल्या सोबत्यांप्रमाणे, मारले गेले अशी एक परंपरा आहे. तिला समकालीन कागदाचा आधार नाही, म्हणून ती परंपरा म्हणूनच सांगावी. सोबत्यांपैकी थॉमस यांना १८९४ साली पोप तेरावे लिओ यांनी धन्य म्हणून घोषित केले. कोल्लमचे पीठ कागदावर राहिले आणि लोप पावले. ते पुन्हा उभे राहिले १८८६ साली.

मात्र १३४८ च्या सुमारास चीनहून परतणारे पोपचे वकील, फ्लॉरेन्सचे जॉन मारिन्योली, कोल्लमला उतरले. तेथे त्यांना संत जॉर्ज यांच्या नावाचे लॅटिन लोकांचे एक मंदिर उभे असलेले दिसले. ते वर्षाहून अधिक काळ तेथे राहिले, त्यांनी त्या मंदिराच्या भिंती चित्रांनी रंगविल्या, आणि तेथील ख्रिस्ती लोक मिऱ्याच्या उत्पन्नातून त्यांना दरमहा सोन्याची नाणी देत. हे सर्व मारिन्योली यांनी तपशिलाने लिहून ठेविले आहे. जॉर्डन यांचे नाव त्यांच्या वृत्तांतात कोठेही नाही.